न दुखणारी जखम

(बी. ए. भाग २)

दुखण्याला सगळेच कंटाळतात. डोके दुखले, दात दुखला, पोटात कळ आली की "नको हे दुखणे" असे आपण सहज म्हणून जातो. पण दुखणेच नाहीसे झाले तर माणसाचे काय होते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. त्याविषयी लिहावे असे मनात आले तेव्हा एका मैत्रिणीने विचारले, "हा विषय सायन्सच्या मुलांचा. तू कला शाखेची, तुला काय करायचंय त्यात?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी डॉक्टर नाही, होणारही नाही. परंतु मिरजेच्या रुग्णालयात बाकावर बसून जे ऐकले, पुढे ग्रंथालयात बसून जे वाचले आणि घरी रोज रात्री जे करते, ते सांगायला शाखा कशाला आड यावी? शिवाय आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील शेतात राबतात. त्यांना हे सांगणारे घरात आपल्याशिवाय दुसरे कोण आहे?

मी बारावीत असतानाची गोष्ट. कराड तालुक्यातील आमच्या गावी ऊसतोड सुरू होती. शेतीपंपाला त्या आठवड्यात रात्रीची वीज होती, म्हणून वडील, म्हणजे आमचे आप्पा, रात्रभर खोडव्याला पाणी पाजत होते. पहाटे घरी येऊन ते झोपले. सकाळी आई झाडायला उठली, तर उंबऱ्यापासून अंथरुणापर्यंत फरशीवर रक्ताचे ठसे. एकाच पायाचे. आईने हाक मारली तशी मीही धावले. आप्पांच्या उजव्या पायाच्या करंगळीखाली उसाच्या बुडख्याचे टोक घुसून मोडले होते. आई रडायला लागली आणि आप्पा उठून तिलाच समजावू लागले, "आगं, रडतीस कशाला? मला काय बी दुखत न्हाय."

त्यांचे हे वाक्य ऐकून आम्हा सर्वांना धीर आला. दुखत नाही, म्हणजे जखम किरकोळ असणार! आज वाटते, ज्या वाक्याने आमच्या काळजाचे पाणी व्हायला हवे होते, त्याच वाक्याने आम्ही निर्धास्त झालो.

आईने हळद दाबली, फडके बांधले. आप्पा दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरले. आठवड्याने पाय सुजला, तेव्हा एका दवाखान्यात जाऊन मलमपट्टी केली, इंजेक्शन घेतले. तेथे कुणी रक्तातील साखर तपासली नाही. पण सगळा दोष तरी डॉक्टरांना कसा द्यावा? सहा वर्षांपूर्वी आप्पांना मधुमेह निघाला होता, वर्षभर गोळ्या घेऊन 'बरे वाटले' म्हणून त्यांनी त्या बंद केल्या होत्या आणि यातले काहीच त्यांनी डॉक्टरांना सांगितले नव्हते. "शेतात राबणाऱ्याला कसली शुगर? तो शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग," असे ते म्हणत.

तीन आठवड्यांनी जखमेला वास येऊ लागला. सांगलीचे मामा आले, त्यांनी पाय पाहिला आणि एक शब्द न बोलता गाडी आणायला गेले. मिरजेला पोहोचलो तेव्हा रक्तातील साखर ३८० होती आणि करंगळी काळी पडली होती. ती आणि तिच्या शेजारचे बोट, अशी दोन बोटे काढावी लागली. "आठ दिवस उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं," असे डॉक्टर म्हणाले. घरची म्हैस विकली गेली. "यंदा पोरीचं कॉलेज ऱ्हाऊ द्या," असे भावकीतून कुणी तरी सुचवलेही. त्यावर खाटेवरून आप्पा एवढेच म्हणाले, "बोटं माझी गेल्यात, तिची न्हाईत."

पायाला तार लावून पाहिली

मिरज हे तंबोऱ्यांचे गाव आणि तसेच ते डॉक्टरांचेही गाव. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी येथे रुग्णालय उघडले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आजही सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकातून माणसे एस.टी.ने आणि रेल्वेने येथे येतात. या गावात मी एक तपासणी पाहिली, तिने माझे डोळे उघडले.

डॉक्टरांनी आप्पांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर धागा त्यांच्या तळव्याला टेकवला. तो धागा दहा ग्रॅम इतका दाब पडला की वाकतो. "लागलं की हो म्हणा," असे त्यांनी सांगितले होते. धागा अंगठ्याला लागला, बोटांना लागला, चवड्याला लागला; आप्पा डोळे मिटून शांत बसलेले. बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारले, "सुरू केलं का न्हाय अजून?" नंतर डॉक्टरांनी एक कंपनकाटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवला. निरोगी माणसाला ती थरथर स्पष्ट कळते. आप्पांना घोट्यापर्यंत काहीच कळत नव्हते. मी मात्र शेजारी उभी राहून त्या काट्याचा आवाज ऐकत होते.

मधुमेहाने त्यांच्या पायाचे मज्जातंतू निकामी केले होते, आणि तेही काही वर्षांपूर्वीच. आम्हा कुणाला, खुद्द त्यांनाही त्याचा पत्ता नव्हता. ही काही त्यांचीच गोष्ट नव्हे. मधुमेह झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा मज्जातंतूंची ही इजा होते, आणि इजा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कसलेही लक्षण जाणवत नाही.

टेलचा शेतकरी

हे का होते, ते मला असे समजले.

खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा आमच्या भागातल्या सर्वांनी पाहिला आहे. कालव्यात गाळ साचला, पाणी कमी सुटले तर आधी कुणाचे रान वाळते? तोंडाकडच्या शेतकऱ्याचे नव्हे, टेलच्या शेतकऱ्याचे. आपल्या शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. त्यांची लांबी जवळजवळ एक मीटर भरते. पायाची बोटे म्हणजे या कालव्याचे टेल. म्हणून मधुमेहात पहिला फटका बोटांना बसतो. मग बधिरता पायमोज्यासारखी वर सरकते, आणि ती पोटरीपर्यंत पोहोचली की हातांच्या बोटांनाही सुरुवात होते.

इजा दोन बाजूंनी होते. रक्तात साखर सतत जास्त राहिली की ती मज्जातंतूच्या पेशीत शिरते, तेथे तिचे निराळ्या द्रव्यात रूपांतर होते आणि पेशीचा कारभार बिघडतो. दुसरीकडे मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या जाड आणि अरुंद होतात, त्यामुळे तंतूची उपासमार होते. वाढलेला रक्तदाब, रक्तातील चरबी आणि तंबाखू यांमुळे हे काम अधिक वेगाने होते. आपल्याकडे तंबाखू म्हटले की विडी आणि चुना-तंबाखू डोळ्यांपुढे येतात, पण घराघरांतून बायका लावतात ती मिसरीही तंबाखूच आहे, हे आपण विसरतो.

हा विकार दोन रूपांत येतो. काहींच्या पायांची आग होते, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखे वाटते, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. पायांखाली कापूस असल्यासारखे वाटते, असेही काही जण सांगतात. प्रमेहाची पूर्वलक्षणे सांगताना सुश्रुतसंहितेने हातापायांच्या तळव्यांची आग नोंदवली आहे, हे वाचून मला नवल वाटले. दुसरे रूप आप्पांचे, म्हणजे काहीच न वाटण्याचे. पहिला रोगी निदान डॉक्टरांकडे जातो. दुसरा जात नाही, आणि पाय जास्त करून त्याचाच जातो.

मज्जातंतूंची ही इजा पायांपुरतीच राहते असेही नाही. पोट, मूत्राशय आणि हृदय यांचा कारभार पाहणारे तंतूही बिघडू शकतात. मग थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, लघवी साफ होत नाही, उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. पुष्कळदा हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत कळ येत नाही. दुखणे न कळणे किती घातक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

वेदना ही राखणदार

याच मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी रिचर्डसन रुग्णालय उभे राहिले. कुष्ठरोगाचा आणि मधुमेहाचा संबंध काय, असे वाचक विचारतील. मलाही तो प्रश्न पडला होता. उत्तर डॉ. पॉल ब्रँड यांच्या कामात सापडले.

डॉ. ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात झाला. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा तोवर सर्वांचा समज होता. डॉ. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले तेव्हा कळले, की बोटे रोगाने झडत नाहीत. रोगाने संवेदना जाते, आणि मग तापलेले भांडे, कुलपाची घट्ट किल्ली, पायातला खिळा, यांनी होणाऱ्या जखमा कळत नसल्यामुळे हातपाय झिजतात. काही रुग्णांची बोटे तर रात्री झोपेत उंदीर कुरतडत, आणि त्यांना जाग येत नसे. यावर डॉ. ब्रँड यांनी काय उपाय केला? रुग्णांना मांजरे पाळायला दिली! वेदना ही माणसाची राखणदार आहे, असे ते सांगत आले. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हाच विचार मधुमेहींच्या पायांना लावला. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेल्या मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या, म्हणजे ज्याला दुकानात 'एमसीआर' म्हणतात त्या चपला आज मधुमेहींच्या पायांत दिसतात त्या याच विचारातून.

आप्पांच्या पायातला राखणदार निघून गेला होता. त्याच्या जागी दुसरा कुणी तरी ठेवणे भाग होते.

"मी तर काटकुळा"

मधुमेह हा लठ्ठ आणि श्रीमंत माणसांचा रोग, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बालके यांचा अभ्यास केला. त्यांना आढळले, की आपल्याकडची नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून असते. कमी पडतात ते स्नायू. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! वरून बारीक आणि आतून चरबीदार, अशी आपली घडण आहे. तेव्हा "मी तर काटकुळा, मला काय होतंय?" असे म्हणणाऱ्याने आधी रक्त तपासून घ्यावे.

तपासणी अवघड नाही. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीए१सी' ही तपासणी ६.५ टक्के किंवा जास्त निघाली, तर मधुमेह समजतात. लक्षणे नसतील तर डॉक्टर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. तीस वर्षांवरील लोकांची रक्तशर्करा शासकीय आरोग्य केंद्रांतून तपासली जाते. आमच्या आळीतल्या किती जणांना हे ठाऊक होते? कुणालाच नाही.

आपले काही गोड गैरसमज

आम्ही ऊसपट्ट्यातली माणसे. साखर वाईट, पण गूळ चांगला, असे आमच्याकडे घरोघर मानतात. गुऱ्हाळावर बसून काकवी खाणे तर पुण्यच! परंतु गूळही उसाच्या रसाचाच, आणि त्यातला बहुतेक भाग साखरेचाच असतो. रंग बदलला म्हणून रक्त फसत नाही.

चहाचेही तसेच. आमच्या गावात चहाला नको म्हणणे म्हणजे त्या घराचा अपमान. आप्पा दिवसाकाठी आठ-दहा कप पीत. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर वीस चमचे झाली! आता ते "बिनसाखरेचा असंल तर द्या" म्हणतात. पहिल्यांदा लोक हसले, आता दोन-तीन घरांत बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवतात.

उपवासाचे दिवस विशेष जपण्याचे. साबुदाणा आणि बटाटा म्हणजे निव्वळ पिष्ट, ते खाऊन साखर झपाट्याने चढते. उलट साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन दिवसभर उपाशी राहिले, तर साखर एकदम खाली जाऊन घाम सुटतो, हात कापतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. एकादशी करायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

रोजचे जेवण मात्र आपले वाईट नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, ताक, कांदा यांत चूक काही नाही. चूक मापात होते. भाताचा ढीग आणि चार भाकऱ्या एकाच ताटात नकोत, इतकेच.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड असे अनेक उपाय लोक सांगतात. कारले भाजी म्हणून जरूर खावे, पण त्यासाठी चालू गोळ्या बंद करू नयेत. आप्पांच्या सहा वर्षांचा हिशेब त्यातच चुकला. तसेच "इन्शुलिन लागलं म्हणजे संपलं" हाही समज खोटा. १९२२ साली टोरांटोत एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले, तेव्हापासून त्याने असंख्य माणसे जगवली आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी आप्पांनाही त्यानेच सांभाळले.

आणि शेक! थंडीत पाय गार पडले, बधिर झाले की आपण शेकोटीजवळ धरतो किंवा गरम पाण्यात बुडवतो. ज्या पायाला चटका कळत नाही, त्याला शेक देणे म्हणजे भाजून काढणे. मिरजेत आप्पांच्या शेजारच्या खाटेवरचे आजोबा याच कारणाने आले होते. सुनेने मायेने गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवली, सकाळी दोन्ही टाचांना फोड. सून रोज दाराशी बसून रडत असे.

रात्रीचा पाठ

घरी परतल्यावर राखणदाराचे काम माझ्याकडे आले. मी आता साताऱ्याला वसतिगृहात राहते. मी नसेन तेव्हा धाकटा भाऊ ते करतो. रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटे लागतात. क्रम असा :

तळवे उजेडात धरून पाहायचे. लाली, फोड, काप, रुतलेला काटा, काळा डाग, काहीही नवे दिसते का? स्वतःला वाकून दिसत नसेल तर खाली आरसा ठेवावा. बोटांच्या बेचक्या उघडून पाहाव्यात, कारण पाण्यात काम करणाऱ्यांना तेथे चिखल्या होतात आणि तेथूनच जंतू शिरतात. हाताची पालथी बाजू पायावरून फिरवावी. एखादी जागा गरम लागली तर आत काही तरी शिजते आहे असे समजावे. एखाद्याचे पाऊल अचानक सुजले, लाल आणि गरम झाले, तर जखम नसली तरी थांबू नये, आतली हाडे ढासळत असू शकतात.

पाय कोमट पाण्याने धुवावेत, पाणी आधी कोपराने पाहावे. धुतल्यावर बेचक्या कोरड्या कराव्यात. भेगा पडू नयेत म्हणून खोबरेल तेल लावावे, पण बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. कुरूप झाले तर ब्लेडने कापू नये आणि बाजारातली औषधी पट्टीही लावू नये.

अनवाणी एक पाऊलही टाकू नये, घरातसुद्धा. चप्पल घालण्यापूर्वी झटकून हात घालून पाहावे, आत खडा असला तरी या पायाला कळणार नाही. कोल्हापुरी पायताण ही आपल्या भागाची शान. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात सातारा आणि सांगली हे जिल्हेही आहेत. पण कडक तळ आणि अंगठ्यात रुतणारे चामडे बधिर पायाला सोसत नाही. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली पादत्राणे घ्यावीत, आणि ती संध्याकाळी घ्यावीत, कारण तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. ती इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी रूढ केली. त्याला धागा लागत नाही, काटा लागत नाही. समोरच्याने डोळे मिटावेत. आपण तर्जनीच्या टोकाने त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला अगदी हलका स्पर्श करावा, एक-दोन सेकंद. दाबायचे नाही, टोचायचे नाही. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजून डॉक्टरांकडे न्यावे.

हे सगळे कशासाठी? जगभरच्या अभ्यासांवरून दिसते, की दर शंभर मधुमेहींपैकी एकोणीस ते चौतीस जणांना आयुष्यात केव्हा तरी पायाला जखम होते. मधुमेहात पाय किंवा बोटे कापावी लागतात, त्यांपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के वेळा सुरुवात अशाच एखाद्या साध्या जखमेने झालेली असते. ती पहिल्या दिवशी दिसली तर पुढचे सगळे टळू शकते.

औषध काय करते, काय करत नाही

मेलेला मज्जातंतू परत जिवंत करणारे औषध आज तरी नाही. ज्यांच्या पायांची आग होते, त्यांच्यासाठी प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. ती वेदना कमी करतात, इजा भरून काढत नाहीत. मेटफॉर्मिन ही नेहमीची गोळी अनेक वर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि त्या कमतरतेनेही पाय बधिर होतात. माळकरी, शाकाहारी माणसांत ते आधीच कमी असण्याचा संभव. म्हणून त्याची तपासणी सांगतात, आणि ही कमतरता मात्र भरून काढता येते.

खरा उपाय इजा होण्यापूर्वीचा. अमेरिका आणि कॅनडात १,४४१ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवली, तर मज्जातंतूंची इजा सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली. दुसऱ्या, म्हणजे आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या प्रकारावरील ब्रिटनमधील अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात डोळे, मूत्रपिंड अशा सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण २५ टक्क्यांनी घटले. या प्रकारात नुसत्या साखरेवर भागत नाही. रक्तदाब, चरबी, वजन, तंबाखू या सर्वांकडे एकत्र पाहावे लागते. वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिन, रक्तातील क्रिएटिनिन आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी. डोळे आणि मूत्रपिंडेही पायांसारखीच, बिघडताना ओरडत नाहीत.

वारी

आप्पांची एक गोष्ट सांगून थांबते. ते दरवर्षी लोणंदला माउलींच्या पालखीत सामील होत आणि पंढरपूरपर्यंत अनवाणी चालत. नवसच होता तसा. शस्त्रक्रियेनंतर त्यांना दोन बोटे गेल्याचे दुःख नव्हते, वारी चुकणार याचे होते. डॉक्टरांनी पहिल्या वर्षी जाऊ दिले नाही. दुसऱ्या वर्षी जखम पूर्ण भरल्याची खात्री करून ते म्हणाले, "जा, पण चप्पल घालून जा. रोज मुक्कामाला पाय बघा. थोडं चाला, थोडं गाडीत बसा. माउली रागवायची नाही."

आप्पा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाय ऱ्हायलं तर पुढची वारी. न्हाय तर वारी बी गेली आन् पाय बी." गेल्या आषाढात ते मऊ चपला घालून गेले. तरडगावच्या मुक्कामी मी त्यांना गाठले. चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण पाहून ते आले होते, चेहऱ्यावर धूळ, कपाळी बुक्का. मी विजेरीच्या उजेडात त्यांचे तळवे पाहू लागले. शेजारच्या वारकऱ्याने विचारले, "पोर काय करतीया?" आप्पा म्हणाले, "मला जे कळत न्हाय, ते ती बघतीया." त्या वारकऱ्याने थोडा वेळ पाहिले आणि मग हळूच आपलाही पाय पुढे केला. "मला बी शुगर हाय, पोरी. बघ जरा." त्यांच्या टाचेखाली पैशाएवढा फोड होता. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांना मी दिंडीबरोबरच्या आरोग्य पथकाकडे घेऊन गेले.

मित्रमैत्रिणींनो, परीक्षेला जाताना, गावाहून निघताना, सणावाराला आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. हात पावलांच्या वरच्या बाजूला लागतो आणि आपण उठतो. त्या पायांचे तळवे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहेत? मी अठराव्या वर्षापर्यंत पाहिले नव्हते. या दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा पाया पडून लगेच उठू नका. क्षणभर थांबा, पाय हातात घ्या आणि तळवा उजेडाकडे वळवून पाहा.